मिसूरीकाठची मातीची लॉजे व तेथील नदीकाठची गावे

प्राथमिक शाळांत निरनिराळ्या देशांतील घरांचा पाठ घेताना एक ठरावीक चित्रमाला वर्गातून फिरते. ध्रुवाजवळील बर्फाचे घर, वाळवंटातील अरबाचा तंबू, जपानी माणसाचे सरकत्या कागदी पडद्यांचे घर आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशाचा उंच, निमुळता कातडी तंबू. यांतील शेवटचे चित्र खोटे नाही. परंतु ते फार अपुरे आहे. ते एकटेच दाखविल्यास अमेरिकेचे सर्व मूळ रहिवासी घोड्यावर बसून गव्यांच्या कळपामागे भटकत असत, अशी मुलांची समजूत होते. वास्तविक त्या खंडात शेकडो भिन्न जमाती होत्या व आजही आहेत. त्यांपैकी कित्येक पिढ्यान् पिढ्या शेती करीत, धान्य साठवीत व गावे वसवून राहत. 'तांबडे इंडियन' हे त्यांचे जुन्या पुस्तकांतील नाव तर कोलंबसाच्या गैरसमजातून निघालेले आहे. ते आता वर्गात न वापरणेच बरे.

अशा गावकरी जमातींपैकी मंडन, हिदात्सा व अरिकारा या तीन जमाती मिसूरी नदीच्या वरच्या खोऱ्यात, सध्याच्या नॉर्थ डकोटा राज्यात राहत आल्या. त्यांच्या घरास इंग्रजीत 'अर्थ लॉज' म्हणजे मातीचे लॉज असे म्हणतात. आपल्याकडे लॉज म्हटले की एस. टी. स्थानकासमोरील भाड्याच्या खोल्या डोळ्यांपुढे येतात. येथे तो अर्थ नाही. येथे लॉज म्हणजे एका मोठ्या कुटुंबाचे राहते घर. घोडे, धान्य, देवघर व चूल या सर्वांना एका छपराखाली घेणारे.

हे घर समजण्यासाठी आधी नदी समजली पाहिजे. नॉर्थ डकोटाचा हा प्रदेश सुमारे ४७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रापासून फार दूर, उघड्या गवताळ मैदानात आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरू शकतो आणि उन्हाळ्यात बऱ्यापैकी उकडते. धुके-हिमापासून मोकळा असा पिकाचा काळ जेमतेम चार महिन्यांचा. मैदानावर झाड दिसणे कठीण. वारा मात्र अखंड वाहतो. या उघड्या मैदानात मिसूरीने खोल व रुंद पात्र कोरले आहे. पात्राच्या तळाशी, दर वर्षी पुराचा गाळ बसणारी सखल जमीन होती. तीत कॉटनवुड नावाची उंच झाडे, आपल्याकडील वाळुंजाच्या जातीचे विलो आणि अ‍ॅश यांची दाट राई असे. त्या सखल पट्ट्याच्या वर, पुराचे पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, सपाट धक्के होते. गाव धक्क्यावर आणि शेत खाली गाळात, अशी या लोकांची व्यवस्था असे. पांढरीत वस्ती व काळीत शेती ही आपली जुनी विभागणी ज्याला ठाऊक आहे, त्याला ती लगेच उमगेल.

आता घराची बांधणी पाहू. प्रथम वर्तुळ आखून त्यावरील गवत खरवडून काढीत. व्यास बहुधा चाळीस ते साठ फूट असे. वर्तुळाच्या मध्यभागी चौकोन साधून चार जाड खांब पुरीत व त्यांच्या माथ्यावर चार तुळया टाकीत. हा चौक म्हणजे घराचा कणा होय. त्याच्या बाहेर, भिंतीच्या अलीकडे, दहा ते पंधरा बुटक्या खांबांचे कडे उभे करून तेही आडव्या लाकडांनी एकमेकांस जोडीत. मग मधल्या तुळयांपासून बाहेरच्या कड्यापर्यंत वासे उतरत. बाहेरच्या कड्याला टेकून, थोडे आत कललेले, चिरलेले ओंडके उभे करीत, ती भिंत. येथपर्यंत काम कॉटनवुडचे.

यानंतर थर चढत. वाशांवर विलोच्या काटक्या, त्यांवर वाळलेल्या गवताचा जाड थर आणि सर्वांवर माती, किंवा गवताच्या मुळ्यांसकट खणून काढलेले मातीचे चपटे तुकडे. गवताच्या थराचे काम दुहेरी असे. वरची माती काटक्यांतून खाली गळत नसे आणि आतली ऊब बाहेर जात नसे. सोलापूर, मराठवाडा व खानदेश या भागांतील धाब्याच्या घरांत राहिलेल्या शिक्षकांना ही युक्ती ओळखीची वाटेल. लाकडाची तुळई, त्यावर काटक्या वा फळ्या, पाला आणि वर पांढरी माती, क्रम तोच. फरक इतकाच की आपले धाबे सपाट असते व मिसूरीकाठचे घर घुमटासारखे गोल. जेथे बर्फ साठतो व वारा चारी बाजूंनी येतो तेथे गोल आकारच सोयीचा. वाऱ्याला आदळायला कोपरा मिळत नाही आणि तेवढीच जागा वेढायला भिंत कमी लागते.

घुमटाचा मध्य जमिनीपासून दहा ते पंधरा फूट उंच असे व तेथे धूर जाण्यास भोक ठेवीत. त्याच्या बरोबर खाली, चार खांबांच्या मध्ये, अग्निकुंड. पाऊस वा हिमवर्षाव फार झाल्यास भोकावर कातडी नाव उपडी टाकीत. ही नाव विलोच्या कामट्यांच्या सांगाड्यावर एका गव्याचे कातडे ताणून केलेली, परडीसारखी गोल असे. तुंगभद्रेवर हंपीपाशी चालणाऱ्या गोल नावांची ती दूरची बहीणच म्हणावी. बायका ती पाठीवर घेऊन नदीवर जात, पलीकडच्या राईतून जळण आणीत आणि घरी आल्यावर छपरावर ठेवीत. स्वच्छ संध्याकाळी माणसेही छपरावर चढून बसत. १८३२ साली तेथे गेलेला चित्रकार जॉर्ज कॅटलिन याने तसे लिहून ठेवले आहे व चितारलेही आहे.

दाराशी लांबट, आच्छादित ओसरी असे. दारातून आत आल्याबरोबर वाऱ्याचा झोत अग्नीवर येऊ नये म्हणून मध्ये लाकडी आडोसा उभा करीत. एका बाजूस उत्तम घोडे रात्री बांधण्याची जागा, भिंतीच्या कडेने कातड्याचे पडदे लावलेले पलंग, एका विशिष्ट जागी पूजेच्या वस्तू. दहा ते वीस माणसे अशा एका घरात सुखाने राहत. १८३३-३४ च्या हिवाळ्यात कार्ल बोडमर या स्विस चित्रकाराने मंडन घराच्या अंतर्भागाचे चित्र काढले. त्यात चार खांब, वरून येणारा उजेड, अग्नीभोवती बसलेली माणसे, भाले, ढाली आणि आतच उभे असलेले घोडे स्पष्ट दिसतात. या चित्राची मोठी प्रत मिळाल्यास वर्गात अवश्य लावावी. वर्णनाच्या दोन पानांपेक्षा ते अधिक शिकवील.

या घराची मालकी कोणाची, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. उत्तर बहुतेक चुकेल. घर बायकांचे असे. शेतही त्यांचेच आणि शेताचे उत्पन्नही त्यांचेच. वंश आईकडून मोजला जाई. लग्न झाले की जावई सासरी राहायला येई. आई, तिच्या मुली, त्यांचे नवरे व मुले असे ते कुटुंब असे. जड ओंडके तोडणे व खांब उभे करणे यांत पुरुष मदत करीत. बाकी आखणी, काटक्या, गवत, माती, लिंपण व पुढची डागडुजी हे बायकांचे काम व बायकांचे शास्त्र. खांब उभारण्याची आखणी करण्याचा अधिकारही प्रत्येकीला नसे. ज्या बाईने तो रीतसर मिळविलेला असेल तिला बोलावून, मोबदला देऊन ते काम करून घेत. आपल्या गावात जाणता सुतार व गवंडी यांना जो मान असतो तो तेथे अशा बाईला मिळे. घराभोवतीचे हे ज्ञान आईकडून मुलीकडे, हाताखाली काम करता करता, उतरत असे.

खाली गाळाच्या जमिनीत मका, घेवडा, भोपळे व सूर्यफूल ही पिके असत. कुळव म्हणजे गव्याच्या खांद्याच्या हाडाचे पाते बांधलेले खोरे. दंताळे हरणाच्या शिंगाचे. पेरणीसाठी अ‍ॅशच्या लाकडाची अणकुचीदार काठी. सूर्यफूल सर्वांत आधी, बर्फ वितळल्याबरोबर पेरीत. मका मात्र आखूड उन्हाळ्यात तयार होणारा, बुटका व कणखर, शेकडो वर्षे निवडून निवडून सिद्ध केलेला होता. कणसे भरू लागली की शेताच्या कडेला माळा उभारून मुली व बायका त्यावर बसत, कावळ्यांना हुसकावीत आणि कणसांना मुलासारखे समजून गाणी म्हणत. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसलेले मूल प्रत्येक खेड्यातील शाळेत पूर्वी सापडत असे. आता ते कमी झाले असले तरी आजोबांना विचारल्यास हकीकत मिळेल.

कापणीनंतर घरासमोरच्या उंच मचाणावर कणसे व भोपळ्याच्या चकत्या वाळत आणि नंतर जमिनीतील पेवात जात. पेव हा शब्द येथे तंतोतंत लागू पडतो. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी तोच आकार कल्पावा: तोंड अरुंद, पोट रुंद, आणि काही पेवे इतकी खोल की शिडीवाचून उतरता येऊ नये. आतून गवताचे अस्तर. कडेने वेणीसारखी गुंफलेली कणसे रचीत, आत सुटा मका भरीत आणि अगदी मध्यभागी, ओल सर्वांत कमी लागते तेथे, दोरीत ओवलेल्या भोपळ्याच्या चकत्या ठेवीत. तोंड फळ्या, कातडे व माती यांनी बंद करून वर राख पसरीत, म्हणजे परक्याला जागा कळू नये. हे लपविणे आवश्यकच होते. हिवाळ्यात सारे गाव धक्क्यावरचे घर सोडून खालच्या राईत, लहान घरांच्या वस्तीत उतरे. तेथे वारा कमी व जळण जवळ. वसंतात बर्फ फुटण्याच्या सुमारास परत वर. म्हणजे प्रत्येक गाव खरे पाहता दोन गावे होती आणि दोन्ही एकाच नदीने बांधलेली.

मोठे घर साधारणतः दहा वर्षे टिके. मातीतील खांब कुजत, आणि मग नवे घर बांधावे लागे. शंभर घरांच्या गावाला एका पिढीत किती झाडे लागतील याचा हिशेब केला म्हणजे जवळची राई विरळ कशी होई व गाव कालांतराने दुसऱ्या धक्क्यावर का जाई, याचे एक कारण कळते.

नाइफ नावाची लहान नदी मिसूरीला मिळते त्या संगमापाशी हिदात्सांची तीन गावे व जवळच मंडनांची दोन गावे होती. मंडन गावाच्या मध्ये मोकळा चौक आणि त्यात देवदाराच्या जातीचा पवित्र खांब असे. त्याभोवती घरे दाटीने. ही गावे म्हणजे मोठी बाजारपेठ होती. मैदानातील भटक्या जमाती मांस, कातडी व घोडे आणीत आणि मका, घेवडा घेऊन जात. १८०४ च्या हिवाळ्याच्या तोंडी लुइस व क्लार्क यांची सरकारी शोधमोहीम तेथे पोचली, तेव्हा या पाच गावांत मिळून सुमारे साडेचार हजार लोक राहत होते. मोहिमेने शेजारी लाकडी गढी बांधून हिवाळा काढला तो बहुतांशी या गावांच्या मक्यावर. पुढच्या प्रवासात दुभाषी म्हणून उपयोगी पडलेली साकाकावीया नावाची तरुणी यांपैकी एका हिदात्सा गावातच राहत होती. तिचे नाव पुढे पुन्हा येईल.

व्यापाराबरोबर देवीची साथही येत असे. १७८१ च्या सुमारास एक मोठी साथ येऊन गेली होती. १८३७ साली 'सेंट पीटर्स' नावाच्या आगबोटीतून ती पुन्हा आली. आधी दीड हजारांहून अधिक असलेले मंडन त्या एका वर्षात दीडशेच्या आत आले. हिदात्सा व अरिकारा यांतलेही निम्म्याच्या आसपास लोक गेले. येथे आकड्यावरून पुढे सरकण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे. घर बांधण्याची आखणी ज्यांच्या हाती होती त्या बायका, कोणते बियाणे कोठे ठेवले आहे हे जाणणाऱ्या आज्या, पूजेचे पाठ येणारे म्हातारे, असे दहातले नऊ जण एका उन्हाळ्यात नाहीसे झाले, म्हणजे काय झाले?

उरलेले हिदात्सा व मंडन १८४५ साली वर सरकून नदीच्या एका वळणावर एकत्र राहिले. वळण माशाच्या गळासारखे असल्याने गावाचे नावही तसेच पडले. १८६२ मध्ये अरिकाराही तेथे आले. या गावात मातीची लॉजे पुन्हा उभी राहिली. हळूहळू त्यांच्या शेजारी चौकोनी लाकडी खोल्याही आल्या. १८८० नंतरच्या दशकात सरकारी धोरणानुसार प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जमीन तोडून देऊन गाव मोडण्यात आले. कुटुंबे नदीच्या दोन्ही काठांना पांगली. एका मोठ्या घरात वीस माणसे राहत होती तेथे आता एका खोलीत एक जोडपे. घर आईचे, ही पद्धतही कागदोपत्री उरली नाही, कारण जमीन पुरुषाच्या नावे लागू लागली. मातीचे लॉज राहते घर म्हणून संपले ते येथे.

तरीही त्याची बांधणी आज इतक्या बारकाव्याने माहीत आहे, याचे श्रेय मुख्यत्वे एका बाईस आहे. बफेलो बर्ड वुमन या नावाने प्रसिद्ध असलेली ही हिदात्सा स्त्री १८३९ च्या सुमारास नाइफ नदीच्या गावात जन्मली व गळवळणाच्या गावात वाढली. १९०६ पासून गिल्बर्ट विल्सन हा धर्मोपदेशक व अभ्यासक तिच्याकडे येऊ लागला. ती आपल्या भाषेत सांगे, तिचा मुलगा गुडबर्ड इंग्रजीत सांगे आणि विल्सन उतरून घेई. शेतीविषयी तिने सांगितलेले सर्व १९१७ साली मिनेसोटा विद्यापीठाने छापले. लॉजच्या बांधणीवरील टिपणे विल्सनच्या मृत्यूनंतर १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी दोन वर्षे, १९३२ मध्ये, ती स्वतः वारली होती. या पुस्तकांत पेवाच्या तोंडावर कातडे कसे ठेवायचे, फावड्याच्या हाडाला दांडा कसा बांधायचा, मक्याच्या ओळीत किती अंतर ठेवायचे, हे सर्व आहे. विल्सनची विशेष गोष्ट अशी की त्याने तिचे बोलणे 'सुधारून' आपल्या विद्येच्या चौकटीत बसविले नाही. तिने ज्या क्रमाने सांगितले त्या क्रमाने ठेवले. पुष्कळ विद्वानांना हे साधत नाही.

पांगलेल्या कुटुंबांनी नदीकाठी पुन्हा लहान लहान वस्त्या जमविल्या. एल्बोवुड्स, निशू, लकी माउंड, बीव्हर क्रीक, इंडिपेंडन्स, शेल क्रीक अशी त्यांची नावे. घरे आता लाकडी होती, पण जागा तीच, नदीची सखल जमीन. गाळात बागा व शेते, राईत जळण, जनावरांना थंडीत आडोसा, झुडपांत फळे. एल्बोवुड्स हे त्यांतले मोठे. तेथे सरकारी कचेरी, शाळा व रुग्णालय होते.

१९४३ साली मिसूरीला मोठे पूर आले व खालच्या बाजूच्या शहरांचे नुकसान झाले. १९४४ मध्ये नदीवर धरणांची साखळी बांधण्याची योजना मंजूर झाली. त्यांपैकी गॅरिसन धरणाचे काम १९४७ मध्ये सुरू होऊन १९५३ मध्ये नदी अडविली गेली. हा मातीचा बांध आहे: दोन मैलांहून अधिक लांब व सुमारे दोनशे दहा फूट उंच. पूर आटोक्यात आले, वीज मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याची किंमत ज्यांनी दिली ते खालच्या शहरांतील नव्हते. तीन जमातींची सुमारे १,५२,३६० एकर जमीन घेण्यात आली आणि तीत जवळजवळ सर्व चांगली शेतजमीन होती. सव्वातीनशेच्या सुमारास कुटुंबे, म्हणजे राखीव क्षेत्रातील पाचांतील चार माणसे, उठवावी लागली. जमातींनी दुसरी जागा सुचवून पाहिली होती, तिचा उपयोग झाला नाही. २० मे १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री क्रुग करारावर सही करीत असताना जमातींच्या कौन्सिलचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हे बाजूला उभे राहून हाताने चेहरा झाकून रडत आहेत, असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९४९ मध्ये भरपाई म्हणून १ कोटी २६ लाख डॉलर ठरले. ती अपुरी होती हे सरकारनेच पुढे मान्य केले व १९९२ मध्ये आणखी १४ कोटी ९२ लाख डॉलरांचा निधी मंजूर झाला. कोयना वा उजनीच्या पाण्याखाली गाव गेलेल्या कुटुंबांतील मुले ज्यांच्या वर्गात बसतात त्या शिक्षकांना या परिच्छेदाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

पाणी चढले तसे एल्बोवुड्स व बाकीच्या वस्त्या बुडाल्या. गळवळणाचे जुने गावही गेले. पाणी येण्यापूर्वीच्या थोड्या वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी तेथे घाईने उत्खनन करून जे मिळेल ते नोंदले. लोक वरच्या उघड्या मैदानावर गेले. तेथे वारा, कोरडी जमीन व खोल विहिरी. जलाशयाने राखीव क्षेत्राचे तुकडे झाले आणि ज्या शेजाऱ्याकडे पूर्वी पुलावरून जाता येई त्याच्याकडे आता मैलोगणती वळसा घालून जावे लागे. नव्या गावास न्यू टाउन हे सरळ नाव पडले. दुसऱ्या एका वस्तीचे मँडरी हे नाव तिन्ही जमातींच्या नावांतील अक्षरे जुळवून केलेले आहे. बुडालेल्या रुग्णालयाच्या बदली पूर्ण सोयींचे नवे आरोग्यकेंद्र न्यू टाउनला उघडले ते २०११ साली, म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावर; त्याला एल्बोवुड्सचेच नाव दिले आहे. आणि जलाशयाला नाव कोणाचे, तर साकाकावीयाचे. नकाशात 'लेक साकाकावीया' मुलांना शोधायला लावावे व त्या नावाखाली काय आहे ते सांगावे.

नाइफ नदीच्या संगमावरची जुनी गावे मात्र धरणाच्या खालच्या अंगाला असल्याने वाचली. १९७४ पासून ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून राखलेली आहेत. तेथे घरे नाहीत. गवतात बशीसारखे गोल खळगे आहेत, एकाला लागून एक. मोठ्या हिदात्सा गावात ते शंभरांहून अधिक आहेत. प्रत्येक खळगा म्हणजे एका आईचे घर. शेजारी पूर्ण आकाराचे एक लॉज नव्याने बांधून दाखविले आहे. मंडन शहराजवळील एका जुन्या मंडन गावाच्या जागेवरही अशी लॉजे १९३० नंतरच्या दशकात उभारली गेली. न्यू टाउनजवळ जमातींनी स्वतःही लॉजांची एक वस्ती बांधली आहे व तेथील त्यांच्या महाविद्यालयात तिन्ही भाषा शिकविण्याचा प्रयत्न चालू आहे.

हा पाठ घेताना शाळेच्या अंगणात वीस फूट दोरी व एक खुंटी घेऊन चाळीस फूट व्यासाचे वर्तुळ आखावे. परीघ सुमारे १२६ फूट व क्षेत्रफळ सुमारे १२५६ चौरस फूट येते. वीस फूट बाय पंचवीस फूट वर्गाच्या अडीचपट. मध्ये चार मुले खांब म्हणून उभी करावीत, बाहेर बारा मुलांचे कडे करावे, दाराची जागा व अग्निकुंड खडूने दाखवावे आणि पंधरा मुलांना आत कुटुंब म्हणून बसवावे. पाचवी ते सातवीच्या मुलांना यात भूमिती, भूगोल व इतिहास एकत्र मिळतात. त्यानंतर मुलांनी गावातील एका जुन्या घराची माहिती, शक्यतो घरातील वृद्ध बाईकडून, लिहून आणावी: लाकूड कोणते व कोठून आणले, भिंतीत काय घातले, लिंपण कशाचे व कोण करीत असे, धान्य कशात ठेवीत, घर कोणत्या साली डागडुजीस आले. मुलांनी आणलेली खांब, तुळई, कोनाडा, कणगी, पेव यांची नावे गावात जशी बोलली जातात तशीच वहीत ठेवावीत. शिक्षकांनी ती पाठ्यपुस्तकातील शब्दांनी बदलू नयेत, आणि सांगणाऱ्या बाईचे नाव, वय व तारीख प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहून वही शाळेच्या दप्तरात जपून ठेवावी.